बुधवारचा नवस

"तुझा फोटो स्वच्छ आहे," पर्पेच्युआ म्हणाली. "पण आजपासून सिगारेट सोड."

"स्वच्छ आहे तर सोडू कशाला?" कास्मीरनं विचारलं.

"मी सांगते म्हणून."

छातीचे फोटो काढणारी गाडी आठवड्यापूर्वी परळला त्यांच्या चाळीखाली येऊन गेली होती. ज्या घरात खोकला, त्या घरातल्या साऱ्यांनी रांग लावायची, असा नियम होता. खोकला कास्मीरचा होता आणि तो साऱ्या चाळीला पाठ होता. निकालाच्या दिवशी त्याची गिरणीत पाळी, म्हणून बायको एकटीच दवाखान्यात गेली. परतली ती लाल डोळ्यांनी. पाकिटं तिनं ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीसारखी अंबाड्यात खोवली.

मन चिंती ते वैरी न चिंती. कास्मीरनं तिथल्या तिथे हाय खाल्ली. आपलं संपलं, हे त्यानं ओळखलं.

ओळखायला कारणही होतं. बावीस वर्षं तो गिरणीत फिटर होता. तिथे हवेत कापूस, काडी ओढली तर नोकरीच जायची. संडासात लपून ओढणारे ओढत, पण कास्मीर सरळ माणूस. तो दिवसभराची तलफ घरी आणायचा. दहा बाय बाराच्या खोलीत एकामागून एक दहा-बारा सिगारेटी. जेवण वाढताना धुरातून बायकोचा हात तेवढा दिसतो, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

चार दिवस त्यानं सोडून पाहिली. कामात लक्ष लागेना. यंत्राच्या पट्ट्यात बोट जाता जाता वाचलं. पाचव्या दिवशी त्यानं विचार केला, मरणाऱ्याला कसलं पथ्य? आणि काडी ओढली.

पर्पेच्युआनं पाहिलं. काही बोलली नाही. पाट उचलून गॅलरीत जाऊन बसली.

त्या गप्प बसण्यानं तर त्याची खात्रीच पटली. ही बाई तुटक्या बटणावरून आठवडाभर भांडणारी. ती गप्प बसली, म्हणजे डॉक्टरनंच सांगितलं असणार, आता त्याला हवं ते करू द्या.

मग माहीमच्या देवळात, मावलीच्या पायाशी, तिचे नवसाचे बुधवार सुरू झाले. नऊ बुधवार जायचं, एकही न चुकवता.

"कुणासाठी गो?" त्यानं एकदा विचारलं.

"घरासाठी," ती म्हणाली आणि आपल्या ताटातला तळलेला बांगडा तिनं त्याच्या ताटात सरकवला. हल्ली ती दोन घासांवर उठायची. बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. माझ्या काळजीनं झिजतेय बिचारी, असं कास्मीरला वाटायचं. आपण मरणार याचं दुःख होतंच. पण हिला आपल्या डोळ्यांदेखत सुकताना बघायचं आणि काही करता येत नाही, हे त्याहून वाईट होतं.

त्याच सुमारास मुंबई पेटली. हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या. लालबागला अश्रुधूर सुटला, तो वाऱ्यानं चाळीत शिरायचा. दारं-खिडक्या बंद करून माणसं घरात कोंडून बसली. कास्मीरला दिवसभर दुसरं काय काम? तो ओढत बसला. पर्पेच्युआला आता गॅलरीही उरली नव्हती. ती पदर तोंडावर घेऊन भिंतीकडे वळून बसायची.

शेजारचा भिवा मोर्चाहून आला, डोळे पुसत. "कास्मीर, उद्या येतोस ना? महाराष्ट्र घेतल्याशिवाय सोडत नाय आपण!"

"तुम्ही घ्या रे. मला काय तो दिसायचा नाही."

"असं काय बोलतोस येड्यासारखं?"

कास्मीरनं नवी सिगारेट पेटवली. पर्पेच्युआनं भिंतीकडची मान वळवली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यानं नजर खाली घातली.

हरताळातल्या बुधवारी ट्राम नव्हती, बस नव्हती. ती माहीमला चालत गेली आणि चालत आली. ओठ निळे पडले होते. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ती थांबली. कास्मीर वरून बघत राहिला. आपल्यासाठी कुणी एवढं करावं, अशी आपली लायकी नाही, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आठव्या बुधवारी तिनं येताना एक पुडकं आणलं, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेलं. ती मोरीत गेल्यावर कास्मीरनं ते चाचपलं. देवळाबाहेर मेणाच्या वस्तू मिळतात, हे त्याला ठाऊक होतं. हात मोडला तर मेणाचा हात वाहायचा, पाय अधू झाला तर पाय. जिवावरच बेतलं असेल तर अख्खं माणूस. बोटांना डोकं लागलं, खांदे लागले, जुळलेली पावलं लागली.

नववा बुधवार उजाडला तेव्हा तिला अंथरुणातून उठवेना.

"पाय दुखतात रे," ती म्हणाली. "आज तू जा. तेवढं पुडकं मावलीपाशी ठेव. कागद सोडू नको हां."

बिचारीला वाटतंय, मला काहीच माहीत नाही. कास्मीरनं तिच्या कपाळावर हात ठेवला. "नाही सोडत," तो म्हणाला. वाटेत त्यानं दोन सिगारेटी ओढल्या. आता राखून ठेवायचं ते काय?

देवळात गर्दी होती. शेकडो मेणबत्त्या जळत होत्या. तो पुडकं ठेवणार, तेवढ्यात व्यवस्था बघणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं त्याचा हात धरला.

"कागद काढ बाबा. आग लागेल."

"बायकोनं सोडू नको म्हटलंय."

"मावलीपासून काय लपवायचं? काढ."

कास्मीरनं दोरा तोडला. स्वतःला बघायला मन घट्ट करून त्यानं कागद बाजूला केला. मेणाच्या माणसाला पायघोळ झगा होता आणि मानेवर अंबाडा.