शंभर दाणे उडीद

घरात ज्वारी अकरा किलो होती, मका चार किलो, गूळ मुठीएवढा, मीठ भरपूर. डाळ नव्हती. आढ्याला टांगलेल्या सुक्या भोपळ्यात उडीद होते. किती, ते घरातल्या म्हाताऱ्या खाज्याने कोणाला मोजू दिलं नव्हतं. भोपळ्याचं तोंड शेणामातीने लिंपलेलं होतं. ते पेरणीचं बी होतं.

खाज्याची मुलगी उषा देवपूरच्या कॉलेजात विज्ञान शिकत होती. सुट्टीला घरी आल्यावर तिने सगळ्यात आधी भावाच्या दीड वर्षाच्या मुलीच्या, सारिकाच्या, दंडाला घेर मोजायची अंगणवाडीची रंगीत पट्टी लावली.

"अकरा पूर्णांक सहा सेंटिमीटर," ती म्हणाली. "लाल रंगाला टेकलीय. नुसत्या ज्वारीच्या पेजेवर ही भरणार नाही, आबा. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद भाजून दळायचे. दोन किलो उडीद पुरतील."

"बियाला हात लावायचा नाही," खाज्या बाजेवरूनच म्हणाला.

जात्यावर बसलेल्या बिजलीबाईचा हात थांबला. सारिकाची आई ती. नवरा मजुरीला गुजरातेत. सासऱ्यासमोर ती एरवी बोलत नसे.

"बी ऱ्हाई आन् पोर जाई, आसं पाहिजे का तुमले?"

"मना बापनं बी शे ते! दुकाननं नही!"

"मग तुमना बापलेच पाजा पेज."

खाज्या ताडकन उठला. उषा मध्ये आली.

"आबा, ते उगवेल कशावरून?"

त्याला प्रश्नच कळला नाही.

"कौलं होती तेव्हा ठीक होतं," उषा म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी तुम्ही पत्रे टाकले आणि भोपळा तिथेच ठेवला. मे महिन्यात त्या पत्र्याला हात लावून बघितलाय? तेवढ्या तापात बी मरतं."

"तुले कॉलेजमा हाईच शिकाडतस का? बापना बियाले नाव ठेवाले?"

"शंभर दाणे द्या. ऐंशी उगवले तर या घरात कोणी उडदाचं नाव काढणार नाही. नाही उगवले तर सगळे जात्यात."

खाज्याने स्टूल ओढलं, भोपळा उतरवला, विळ्याच्या टोकाने माती फोडली. दाणे काळेभोर निघाले, एकाही दाण्याला भोक नव्हतं. मूठभर दाणे त्याने बिजलीबाईच्या नाकासमोर धरले.

"देख! देख डोया उघाडीसन!"

दहा-दहाच्या ढिगांनी त्याने शंभर मोजले. उरलेला भोपळा उशाशी घेऊन तो बाजेवर आडवा झाला.

उषाने ओल्या गोणपाटावर दाणे ओळीने मांडले, गुंडाळी केली आणि पाण्याच्या माठाजवळ सावलीत ठेवली.

"किती दिवस?" बिजलीबाईने विचारलं.

"पाच."

"पाच दिवस तुझा प्रयोग. तोवर हिने काय खायचं? तुझी वही?"

उषाने बाजेकडे पाहिलं. भोपळा दोन हातांवर होता आणि तिने त्यातले शंभरच दाणे मागितले होते.

पुढचे पाच दिवस बिजलीबाई तिच्याशी बोलली नाही. भांडी आपटत राहिली. भाकरी थापतानाचा आवाज शेजारच्या घरात जात होता. खाज्या सकाळ-संध्याकाळ स्वतः गोणपाटावर पाणी शिंपडायचा. उषाला जवळ येऊ द्यायचा नाही. तिसऱ्या दिवसापासून सारिका पेजेसाठी रडायची थांबली. वाटी समोर ठेवली की नुसती बघायची.

पाचव्या दिवशी सकाळी खाज्याने गोणपाट अंगणात आणून उलगडलं. बराच वेळ तो वाकून राहिला. मग एका दाण्याला त्याने नख लावलं. दाणा पिठूळ होऊन बोटाला चिकटला. दुसऱ्याला लावलं. तोही तसाच.

ज्यांना मोड आले होते ते त्याने वेचून बाजूला ठेवले आणि मोजले. ते उषाकडे सरकवले. उषाने मोजले.

बिजलीबाई जात्यावरून उठून आली, दोघांच्या मधे उकिडवी बसली आणि एकेक दाणा बोटाने ढकलत मोठ्याने मोजू लागली.

नऊ.