दोघांपुरतं लाकूड

अभिमन आबानं इंजिनाच्या खोलीतलं ते लाकूड उचललं, दारातल्या उजेडात धरलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाकडाच्या टोकाला हिंगूळ होता. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तो हिंगूळ आबानंच आपल्या बोटानं फासला होता, चोर हाती लागावा म्हणून.

चोर कोण, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हतीच. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराला टेकलेलं त्याचं गाव. सत्त्याऐंशी साली सरकारनं तिथं लाकडावर चालणारं इंजिन आणून बसवलं. भट्टीत लाकूड जळायचं, त्याच्या गॅसवर इंजिन धडधडायचं आणि खोल नाल्यातल्या विहिरीचं पाणी गावातल्या टाकीत चढायचं. त्यासाठी झाडंही लावली होती, पण ती अजून मनगटाएवढीच होती. तोवर घरोघरी पाळीनं लाकूड द्यायचं आणि देणाऱ्यानंच नळाला हंडा लावायचा, असं गावानं ठरवलं. आबानं साफ नकार दिला. हे धूड आज लाकूड खाईल, उद्या डोंगर खाईल आणि ते चालवणारा लोटन मधल्यामध्ये आपलं घर भरील, असं तो चारचौघांत बोलून मोकळा झाला.

आणि घरामागचं लाकूड कमी व्हायला लागलं. ते साधंसुधं जळण नव्हतं. आबाचा बाप भर श्रावणात गेला, तेव्हा गावात कोरडं लाकूड मिळेना. प्रेत ओसरीवर ठेवून आबा दारोदार फिरला होता. ती लाज त्याच्या काळजातून कधी गेली नाही. म्हणून त्यानं धावड्याच्या लाकडाची थप्पी रचून वर पत्रा टाकला होता. त्याच्या आणि बायकोच्या, शेवंताबाईच्या, सरणाला पुरेल एवढी. तिच्यातली ढलपीसुद्धा चुलीला लावायची नाही, असा घरात दंडक होता.

थप्पी खचत गेली तशी आबाची झोप उडाली. लोटननं रामराम घातला तर याला वाटे, चोराच्या मनात चांदणं. नाही घातला तर वाटे, तोंड चुकवतोय लेकाचा.

आता मुद्देमालच हातात होता. तो त्यानं लोटनच्या नाकासमोर धरला.

"हाई कोना घरनं शे?"

लोटननं भट्टीचं झाकण लावलं, हात पुसले. "तुमनाच घरनं शे, आबा. पाळीनं शे."

चोर तो चोर, वर शिरजोर! आबानं लाकूड खांद्यावर टाकलं आणि चार माणसं गोळा करायला तो तडक बाहेर पडला. टाकीपाशी बायकांची रांग लागली होती. रांगेत सगळ्यांत पुढं शेवंताबाई होती.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरून पाणी आणताना नाल्याच्या उतारावर ती दोनदा पडली होती. दुसऱ्या खेपेला तिला बाजेवर घालून वर आणावं लागलं. बायकांना धड चालता येत नाही, एवढंच आबा तेव्हा म्हणाला होता. त्यानंतर घरात पाणी कुठून येतं, हे त्यानं विचारलं नव्हतं. रांजण भरलेला असे, हा तांब्या बुडवून घेई.

शेवंताबाईनं त्याच्या खांद्यावरचं लाकूड पाहिलं. मान काही खाली घातली नाही.

"तुमना वाटानं तसंच शे," ती म्हणाली. "मी मना वाटानं दिधं."

आबाला घरामागची थप्पी आठवली. कालच ती बरोबर निम्म्यावर आली होती. त्यानं खांद्यावरचं लाकूड हळूच खाली उतरवलं.

"आन तू आधी गई त?" त्यानं कसंबसं विचारलं.

शेवंताबाईनं लंगडत पुढं होऊन नळाखाली हंडा सरकवला.

"ते दिधं नसतं, त आतापावत माले लागी गयं असतं."