चार तासांची वाट

धानोऱ्याकडच्या त्या जंगलगावात जुनी माणसं अजून अंतर शिदोऱ्यांवर मोजतात. म्हणून पोरगा दोहाला कामावर निघाला तेव्हा मंगलीनं विचारलं होतं, “किती शिदोऱ्यांची वाट हाय रे, आदेश?” तो हसला. “नागपूरवरून अठ्ठावीसशे किलोमीटर, माय. पन विमान चार तासात नेते, जेवनबी तेच देते. शिदोरी कायले?” तिनं भाकरी बांधलेलं फडकं सोडलं. वर्षाच्या आत तो तिथं बांधकामावरून पडला, आणि विमानानं त्याला चार तासांतच पेटीत घालून परत आणलं. माती देताना मेलेल्याजवळ वाटेची शिदोरी ठेवायची, ही गावाची रीत. खड्ड्याच्या काठावर मंगली त्याच फडक्यात भाकरी बांधायला बसली. एक ठेवली, दुसरी ठेवली, हात थांबेना. “बस कर,” नवरा म्हणाला. तिनं मान वर केली. “आता त्याले पायीच जा लागते. सांगा ना, किती बांधू?”