शेजारची जागा

"आजी, गेल्या पावसाळ्यात पवनेचं पाणी कुठवर आलं होतं?" विमा कंपनीच्या नानासाहेबांनी विचारलं.

रतनबाईनं पदर सावरला. काय सांगायचं ते लेकानं, हिंदुरावानं, तिला पढवून ठेवलं होतं.

रावेतचं हे घर गावाबाहेर, नदीच्या अंगाला होतं. पुरानं दावणीचे बैल नेले, धान्याची कणगी नेली, भिंती पाडल्या. हिंदुरावानं ते पुन्हा उभं केलं. कारखान्यातून आला की चिखल तुडवायचा, भिंत घालायचा. शेवटी घर उभं राहिलं आणि त्याचा उजवा हात यंत्रात गेला. आता हे घर पुन्हा पडलं, तर ते बांधणारा हातच उरला नव्हता. विम्याचा तेवढा आधार होता. पण पुरानं पाडलेल्या घराचा विमा कोण उतरवणार? म्हणून त्यानं भिंतींना चुना फासून घेतला. साहेबांना गावातून न आणता मळ्याच्या वाटेनं आणलं. गावात कुणी एक शब्द बोललं असतं, तरी मुसळ केरात गेलं असतं.

"पायरीला बी लागलं न्हाई, सायेब," रतनबाई म्हणाली.

नानासाहेबांनी भिंतीवरून हात फिरवला. दारातून नदी दिसत होती. उन्हाळ्यानं आटलेली, गरीब गाईसारखी.

"वडीलधाऱ्या माणसाचा शब्द आहे. मी मानतो," ते म्हणाले. "विमा उतरवायला हरकत नाही."

हिंदुराव ओट्यावर बसला. त्याची बायको, दुर्गाबाई, चहा घेऊन आली.

चहा घेता घेता नानासाहेब मोकळे झाले. शेजारच्या पडीक तुकड्याकडं बघून म्हणाले, "ही जागा कुणाची?"

"गावातल्या सोपानरावाची. इकायची म्हनतोय," हिंदुराव म्हणाला.

"मग मीच घेतो. माझा जावई पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलाय. लेकीची पोरं लहान आहेत, पुण्याच्या कोंदट खोलीत कोमेजून गेलीत. इथं मोकळ्यावर वाढतील. पावसाळ्याच्या आत घर बांधून देतो त्यांना. तुमच्यासारखा शेजार असल्यावर मला कसला घोर?"

दुर्गाबाई आत गेली आणि दाराआड तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

रतनबाईनं लेकाकडं पाहिलं. फक्त गप्प बसायचं होतं. साहेब उठून गेले असते, विमा झाला असता, लेकाच्या डोक्यावरचं छप्पर राहिलं असतं. हिंदुरावाच्या नजरेत विनवणी होती. मग ती नजर त्या पडीक तुकड्याकडं वळली आणि तिथंच थिजली. शेवटी त्यानं मान खाली घातली आणि उरलेल्या हातानं तोंड झाकून घेतलं. आईला त्यानं अडवलं नाही.

"सायेब, ती जागा घेऊ नगा," रतनबाई म्हणाली. "म्या खोटं बोलले. पानी आढ्याला लागलं व्हतं."

नानासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. त्यांची नजर हिंदुरावाच्या तुटक्या हातावर गेली.

"आजी, हे कळल्यावर मला विमा करता येणार नाही. पुन्हा विचार करा. मी ऐकलं नाही असं समजतो."

"नगं सायेब. तुमी ऐका," रतनबाई म्हणाली. "माजी नात घरात निजली व्हती. आमी मळ्यातनं पळत येस्तवर दार पान्याखाली गेलं व्हतं."