तिला काय आवडतं

काचेच्या झाकणाखाली अळंब्या रटरटत होत्या आणि टेबलाशी बसलेल्या एकीच्याही हातात जेवायच्या काड्या नव्हत्या.

वाढणाऱ्या मुलीने मांडलेल्या काड्या उचलून स्वतःकडेच ठेवल्या होत्या. “शिजल्याची घंटा वाजली की देईन. परवा एकाने अर्धवट शिजलेली अळंबी खाल्ली, तर रात्रभर त्याला उशीवर बोटाएवढी माणसं नाचताना दिसली.”

“आमच्या ह्यांना न खाताच दिसतात,” खोंगबाई म्हणाल्या आणि स्वतःच खदखदून हसल्या.

खोंगबाई म्हणजे नवऱ्यामुलाची आई. लग्न ठरल्यावर दोन्ही घरं पहिल्यांदाच एकत्र जेवायला बसत होती. चीनमधल्या ह्या खुनमिंग शहरात पावसाळ्यात असं बोलावणं अळंब्यांच्या खानावळीतच करायचं, दुसरीकडे केलं तर नावं ठेवतात. पुरुष मंडळी सिगारेट ओढायला बाहेर गेली होती. टेबलाशी चौघीच उरल्या होत्या. खोंगबाई, नवरीमुलगी शाओमान, तिची आई सूयुन आणि सूयुनची धाकटी बहीण सूछिन.

सूछिन कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. ती यायला तयारच नव्हती. “मावशी नाही आली तर मीही जाणार नाही,” असा शाओमानने हट्ट धरला, तेव्हा कुठे निघाली. येताना बसमध्ये सूयुनने तिचं मनगट घट्ट धरून सांगितलं होतं, “शाओमानकडे टक लावून बघत बसू नकोस. आणि डोळ्यांत पाणी आणशील तर बघ.”

“एक सांगू का विहीणबाई, राग नका मानू,” खोंगबाई सूयुनला म्हणाल्या. “पोरगी तुमच्यावर काही गेली नाही. हे नाक, ही हनुवटी... मावशीवर गेलीय सगळी!”

“भाची मावशीवर जाणार नाही तर कोणावर?” सूयुन पटकन म्हणाली आणि सगळ्यांच्या पेल्यांत चहा ओतायला लागली. पेले आधीच भरलेले होते.

“तुम्हाला मुलं किती हो?” खोंगबाईंनी आता सूछिनला विचारलं.

“दोन,” सूछिन म्हणाली. “एक मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा.”

आजवर किती जणांना तिने हेच उत्तर दिलं होतं. सरकारी माणसाला दिलं, शेजारणीला दिलं. कधी जीभ अडली नव्हती. आज शब्द तोंडातून बाहेर पडले आणि समोर शाओमान मान वर करून तिच्याकडे बघत होती. तिचीच मधली मुलगी. सासूला मुलगा हवा होता आणि दुसऱ्या मुलीची नोंद झाली असती तर सरकारने तिसरं मूल होऊ दिलं नसतं. ताईला मूल नव्हतं. एका पहाटे सूछिनने ती दुपट्यातली पोर ताईच्या हातात दिली, आणि ताई वळणाआड जाईपर्यंतही दारात थांबली नाही. आत जाऊन तिने चूल पेटवली होती.

“चौकोनी कुटुंब! नशीबवान आहात,” खोंगबाई म्हणाल्या.

सूछिनने मान हलवली.

घंटा वाजली. वाढणाऱ्या मुलीने झाकण काढलं, वाफेचा लोट उठला आणि सगळ्यांच्या हाती एकदाच्या काड्या आल्या. सूछिनच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. रश्शाकडे कोणी वळायच्या आत तिने टेबलावरच्या गोल फिरत्या काचेवर मांडलेल्या थाळीतून बकरीच्या दुधाच्या तळलेल्या पनीरचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि हात लांब करून शाओमानच्या वाडग्यात ठेवला.

“खा.”

“अगं, ती नाही खात पनीर!” सूयुन म्हणाली. “लहानपणापासून नाही खात. वासानेच उलटी होते तिला.”

“घ्या! सख्ख्या मावशीला एवढंही माहीत नाही?” खोंगबाई हसल्या आणि उठल्या. “थांबा, पुरुषांना हाक मारते. नाहीतर रस्सा निवेल आणि मग बोंबलतील.”

त्या गेल्या. सूछिनचे कान तापले होते. तो तुकडा परत उचलायला तिने काड्या पुढे केल्या, तसा शाओमानने वाडग्यावर हात आडवा धरला.

“राहू दे.”

तिने तो तुकडा उचलला, अर्धा तोडून तोंडात घातला आणि चावायला लागली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, मानेची शीर ताठ झाली, पण तिने गिळला. मग उरलेला अर्धाही. चहाचा पेला हाताशीच होता, त्याला तिने हात लावला नाही.

“मानू, पुरे,” सूयुन हलक्या आवाजात म्हणाली.

शाओमानने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने रिकामा वाडगा सूछिनपुढे धरला.

“आणखी काहीतरी वाढ ना.”

सूछिनच्या काड्या टेबलाच्या वर अधांतरी राहिल्या. वाफेवर शिजवलेली कोंबडी होती, कमळाच्या देठांची भाजी होती, डुकराच्या मांसाचे पातळ काप होते, ठेचलेल्या बटाट्याची भाजी होती. काड्या एकेका थाळीपाशी जाऊन थबकत होत्या आणि माघारी येत होत्या. वाडगा तसाच समोर होता.

सूयुनने खाली मान घातली. मग फिरत्या काचेच्या कडेला एक बोट लावलं आणि काच सावकाश फिरवत नेली. बटाट्याची थाळी बहिणीसमोर आली, तेव्हा थांबवली.