लांब बाह्या

पाय दुखतात म्हणून लेकीला दवाखान्यात आणलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला व्हिटॅमिन डी कमी आहे." "एवढी गुटगुटीत पोर, तिला कसली कमी?" शिवणकाम करणारी आई उसळली. "चरबी जास्त असली की ते तिथेच अडकून बसतं, रक्तात कमी येतं. त्यात हिला ऊन कुठे लागतं? भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या!" आईचं तोंड एवढंसं झालं. शाळेत पोरं लेकीला 'भोपळा' म्हणायला लागली, तेव्हापासून लांब बाह्यांचे फ्रॉक आईनेच तर खपून शिवले होते. घरी आल्याआल्या तिने मशीनवरची कात्री उचलली. "ये, बाह्या कापून टाकू. उद्यापासून उन्हात खेळायचं." लेक भिंतीला चिकटली. बाह्यांची टोकं तिने मुठीत घट्ट आवळली. "नको गं आई," ती मुसमुसली, "तूच म्हणाली होतीस ना, हात झाकले की मी छान दिसते."