भैरूची नवी चाल

पट्टा जरासुद्धा ताणला जात नव्हता, आणि त्यानंच वृंदाचं डोकं फिरलं. ती चार दिवस बहिणीकडे गेली काय, तेवढ्यात नवऱ्यानं, सदानंदनं, त्यांच्या कुत्र्याच्या, भैरूच्या मानेत चाल काबूत ठेवणारी चिप बसवून घेतली!

"पन्नास किलोचं धूड, पण कसं गरीब गाईसारखं चालतंय बघ," सदानंद म्हणाला.

"कुणाला विचारून बसवलीत? तीन महिने शिकवत होते मी त्याला! त्यानं ओढलं की मी जागीच थांबायचे. तो वळून माझ्याकडे बघायचा, मगच पुढचं पाऊल."

"आता बघायची गरजच काय?"

वृंदानं संतापून पट्टा सोडून दिला आणि ती रस्त्यातच थांबली. भैरू त्याच संथ चालीनं, पट्टा फरफटत, सरळ निघाला.

"भैरू!" तिनं हाक मारली.

वळून पाहिलं ते फक्त सदानंदनं.